जिला खेळात जाळलं ती गोजरबाई

उद्याच्या गुरुवारासाठी शंभर वाती करायच्या होत्या. सेहेचाळीस झाल्या आणि हात थांबला. यंदाचा कापूसच तसा आहे. बोट फिरवलं की सरकीपाशी पिवळा डाग लागतो, मधेच वाळलेली गुलाबी अळी चुरते. देवीपुढं असला कापूस जाळायचा कसा? परात बाजूला सारली आणि वही ओढली. मी रोज वहीत चार ओळी लिहिते, आज जास्त लिहिणार आहे. वाती वळताना जिचं नाव सारखं मनात येत होतं, ती गोजरबाई.

लोणारपासून आमचं गाव तासाभराच्या वाटेवर. गोजरबाई आमच्या घरामागं राहते. साठीची असेल. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अकरा बायांची टोळी घेऊन निंदणाला, वेचणीला जाते. दोन्ही हातांनी वेचते आणि तोंडानं गोष्ट सांगते, दोन्ही एकाच वेगानं.

ती गोष्ट तिची स्वतःची आहे. पंधरा-सोळा वर्षांची असताना परदेशी शास्त्रज्ञ सरोवराच्या काठी भोकं पाडायला आले होते. त्यांच्या दगडांची पोती डोक्यावर घेऊन ती कडा चढायची. एका साहेबानं भिंग देऊन तिला दगडातला काचेचा मणी दाखवला. आभाळातून गोळा पडला, त्याच्या आगीनं दगड वितळला, त्याचा हा मणी, असं सोबतच्या माणसानं समजावलं. सरोवराखाली राहणारा, आमच्याकडं सगळ्यांना माहीत असलेला असुर गोजरबाईलाही माहीत होताच. तिनं त्याला त्या गोळ्यात बसवलं. तिच्या गोष्टीत असुर तारकांच्या गावाहून लोखंडी गोळ्यात निजून येतो आणि जमिनीखाली झाकण ओढून घेतो. त्याची बायको काठावर उभी राहून त्याच्या नावानं रडते, म्हणून पाणी खारं. त्या पाण्यात एक बुडी मारली की माणूस तारकांच्या गावात निघतो, दुसरी मारली की परत आपल्या वावरात. ते झाकण कसं उघडतं, ते शेवटाला.

ही गोष्ट ऐकायची एक रीत आहे. शेजारच्या ओळीत जी बाई असेल, तिनं दर वाक्याला हुंकारा द्यायचा. या टोळीत हुंकारा म्हणजे साक्ष. 'हूं' म्हटलं की ते वाक्य खरं धरलं, मागं घेता येत नाही. आणि हुंकारा तुटला की गोष्ट तिथंच थांबते. त्या सालात ती पुन्हा काढायची नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ज्ञानेश्वर आला. हा उत्तमरावांचा मुलगा. उत्तमरावांचं गावात बी-बियाण्यांचं दुकान, आणि ज्ञानेश्वर पुण्यात मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत. गोजरबाईची गोष्ट हवी म्हणाला. मीच तिला बोलावून आणलं. माझ्याच ओसरीवर तीन दिवस बैठक झाली, मीच पोहे केले, मीच हुंकारा दिला.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काकू, तुमचं हूं हूं मधे मधे येतं. आवाज साफ यायला पाहिजे. जरा गप बसाल?"

शिकलेला पोरगा सांगतो म्हणून मी गप बसले. ती चूक माझी, ती या वहीत मी तेव्हाही लिहिली आहे. गोजरबाईनं माझ्याकडं पाहिलं, असुराच्या बायकोचं रडणं तेवढं रडून दाखवलं आणि गुडघे झटकून उठली. "झालं," म्हणाली. झाकण उघडलंच नव्हतं. त्याला काही कळलं नाही. "आजी, पहिल्याच पडद्यावर तुमचं नाव टाकतो," म्हणून तो गेला.

यंदा श्रावणात माझी पुतणी काजल मोबाईल घेऊन धावत आली. "काकू, आपलं लोणार खेळात आलं!" खेळाचं नाव 'तारकाकुंड'. मी गोजरबाईला हाक मारली. तिघी डोकी लावून बसलो.

खेळ देखणा होता, खोटं कशाला बोलू. पुढच्या शतकातली एक मुलगी लोखंडी यानातून सरोवराच्या काठी उतरते. पाण्यात बुडी मारली की यंत्रांचं जग, दुसऱ्या बुडीला मंत्रांचं. खाली असुराची नगरी, वर कपाशीची वावरं. दर वळणावर गोष्ट पुढं जाते आणि वाट आपण निवडायची.

"हे तं माहंच हाय," गोजरबाई हरखून म्हणाली. "नाव कुठं हाय माहं?"

काजलनं पहिला पडदा पुन्हा लावला. नाव ज्ञानेश्वरचं होतं, आणखी वीस जणांचं होतं, तिचं नव्हतं.

पुढं काठावर एक चेटकीण आली. कंबरेत वाकलेली, पोटाशी वेचलेला कापूस भरायची ओटी बांधलेली. ती नुसती बघते आणि पांढरी बोंडं काळी पडतात. "काऊन आली वं?" असं ती बोलली, तेव्हा आम्ही तिघीही दचकलो. आवाज गोजरबाईचा होता. पुढं जायचं तर तिला जाळावंच लागतं, दुसरी वाटच ठेवलेली नाही. काजलनं नको म्हणता म्हणता बोट टेकवलं. चेटकीण पेटली आणि रडायला लागली.

"हे तं मी असुराच्या बायकोचं रडली होती," गोजरबाई म्हणाली. "पुन्हा लाव."

तीन वेळा लावायला लावलं. तीन वेळा स्वतःला जळताना ऐकलं. मग तांब्याभर पाणी प्यायली आणि घरी गेली.

दसरा झाला आणि बोंडं फुटायच्या आधीच आतून पोखरलेली निघाली. ज्या वावरात जावं तिथं गुलाबी अळी. बीटी बियाण्याला अळी लागत नाही असं इतकी वर्षं सांगितलेलं, आता कोणाच्या तोंडाकडं पाहायचं? पोरांच्या मोबाईलमध्ये उत्तर तयार होतं. गोजरबाई रस्त्यानं निघाली की मागून तिच्याच आवाजात "काऊन आली वं?" वाजायचं. एक दिवस कडूबानं तिला बांधावर अडवलं. त्याच्या वावरात तिनं वीस वर्षं वेचलं आहे.

"टोळी येऊ दे, गोजरबाई. तू नको येऊ."

"काऊन?"

"पोरं म्हनतात... त्या खेळात..."

"खेळात तं तू बी नाहीस, बियाचं दुकान बी नाही. मीच तेवढी घावली का रे?"

त्याच्या मागून आणखी चौघांनी तेच केलं. टोळीतल्या बाया मान खाली घालून तिच्या दारावरून वावरात जाऊ लागल्या. उत्तमराव दुकानात बसून हसायचे, "बियाणं चांगलंच होतं हो. आता नजरेवर औषध कुठून आणू?" तीन आठवडे गोजरबाई घरात बसून होती. जिचे हात वेचणीशिवाय रिकामे मी कधी पाहिले नाहीत, ती दिवसभर दाराच्या चौकटीला टेकून राही. वावरही गेलं होतं आणि नावही.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी पोथी मिटली आणि देवीला स्पष्ट सांगितलं, त्या पोराची जीभ लुळी पडू दे. मागून क्षमा मागितली नाही, आजही मागत नाही. काजल म्हणाली, पोलीस ठाण्यात अर्ज देऊ, बाईला चेटकीण ठरवण्याविरुद्ध कायदा आहे.

"देऊ सावकाश," गोजरबाई म्हणाली. "आन शालू, तू देवीले काय भलतंच मांगून राह्यली? जीभ लुळी पडली तं तो हुंकारा कसा देईन? राहू दे त्याची जीभ."

तेव्हा मला कळलं की ती नुसती बसून नव्हती.

दुसऱ्या गुरुवारी ज्ञानेश्वर आपण होऊन आला, हातात रेशमी साडी. खेळाचा दुसरा भाग अडला होता. झाकणाखाली काय आहे म्हणून लोक विचारत होते आणि त्याच्या कंपनीत कोणालाच सुचत नव्हतं. "आजी, झाकण कसं उघडतं तेवढं सांगा. या वेळी नाव नक्की."

"सांगीन की. उद्या दुपारी, मारुतीच्या पारावर. सगळ्यायसमोर. आन हुंकारा तू द्यायचा."

"हात्तिच्या, देतो की!" तो हसला. रीत त्याला माहीत होती. गावातच वाढलेला आहे, पण ती त्यानं कधी मनावर घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पारावर टोळी होती, कडूबा होता, मागं कडूबाच्या शेजारच्या वावराचे शकूरभाई उभे होते. उत्तमराव खुर्ची टाकून बसले, मुलाचं कौतुक बघायला. ज्ञानेश्वरनं आवाज टिपायचं यंत्र पुढं ठेवलं. काजलनंही मोबाईल धरला.

"एक गाव होतं," गोजरबाईनं सुरू केलं.

"हूं."

"गावात एक बाई होती. कापूस येचे आन गोष्ट सांगे."

"हूं."

"एक शिकलेला पोरगा आला. बाईचा आवाज डबीत भरून घेऊन गेला."

बाया हसल्या. तोही हसला. "हूं."

"नाव टाकतो म्हने. टाकलं नाही."

त्याचं हसू थांबलं. "आजी, हे गोष्टीत आहे का?"

"हुंकारा दे. नाही तं थांबते."

"...हूं."

"त्यानं बाईले चेटकीन केलं, बोंडं काळी करनारी. ते बाईच्या गोष्टीत नव्हतं. ते त्याच्या डोक्यातून निंघालं."

तो यंत्राकडं बघत राहिला. टोळीतली मंजुळाबाई म्हणाली, "दे ना बाप्पा, कवाची थांबली ते!"

"हूं."

"आन मंग पोरायच्या हातानं तिले जाळलं."

"हूं." हा अगदी बारीक.

आता गोजरबाईनं मांडी बदलली. "बोंडात अळी बाईच्या नजरेनं नाही आली. बियाच्या मोठ्या पाकिटासंगं एक लहान पाकीट येते. साध्या कपाशीचं. ते बांधाच्या कडेनं पेराचं असते. जनमभर एकच खाऊन अळी बीटीले पचवाले शिकते, ते शिकू नये म्हून."

"हूं." हे त्याला पाठच होतं.

"दुकानदार म्हने, फेका ते लहान पाकीट, उगाच कायले जागा अडवता. लोकायनं फेकलं. दुकानामागं ढीग पडे. दुकानदाराचा पोरगा सुट्टीत गल्ल्यावर बसे. पाकिटावर काय लिवलं हाय, ते त्यानं वाचलं होतं. बापाले बोलला नाही."

उत्तमराव उठून उभे राहिले. "ज्ञानू, चल घरी."

गोजरबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ज्ञानेश्वरच्या तोंडाकडं बघत, लेकराला भरवावं तसं हळू बोलली, "येवढा एक हुंकारा दे, बाबू. याच्या फुडच्या वाक्याले झाकण उघडते."

त्याचं तोंड उघडं राहिलं. एकदा बापाकडं पाहिलं, एकदा यंत्राकडं. ओठ मिटले.

"हूं," मागून शकूरभाई म्हणाले. "मी नाही फेकलं. बांधाले पेरलं होतं. मले हसत होते सगळे." मग मंजुळाबाई "हूं" म्हणाली, मग टोळीतली एकेक बाई. मीही म्हटलं, मोठ्यानं. दोन वर्षांचं उरलेलं होतं ते.

गोजरबाईनं हात वर केला. "ज्याचा हुंकारा त्यानंच द्यावा लागते. तुटला." गुडघे झटकले आणि पारावरून उतरली. "आता फुडच्या साली."

ज्ञानेश्वर सकाळच्या पहिल्या गाडीनं पुण्याला गेला, झाकण बंदच ठेवून. काजलनं टिपलेलं गावाच्या ग्रुपवर टाकलं. लोक लहान पाकिटाचं विचारायला गेले, तर उत्तमरावांचं दुकान दोन दिवस बंद. काजल सांगते, खेळातली चेटकीण आता मुकी झाली आहे. गोजरबाईनं विचारलं, "पन जळते का अजून?" काजल म्हणाली, हाव. "मंग अर्ज लिवून ठेव. ते बी करू." रेशमी साडीचे तिनं कात्रीनं अकरा तुकडे केले आणि टोळीतल्या बायांना वेचणीच्या ओट्या शिवायला वाटले. मान खाली घालून जाणाऱ्या त्याच बायांना. "घ्या," म्हणाली, "येचताना आठवन राहीन."

आज मी वाती करत होते आणि ती समोर बसली होती, तेव्हा कडूबा दारात आला. "गोजरबाई, उद्यापासून या. जे काय थोडं फुटलं ते बी गळून राह्यलं."

"आन माही नजर लागली तं?"

"आता काऊन लाजवता?"

"लाजवून नाही राह्यली. येऊन नाही राह्यली. टोळी बी नाही येत."

तो उंबऱ्यापाशी घुटमळला. माझ्याकडं बघितलं, मी दोन शब्द बोलावेत म्हणून. मी वात वळत राहिले. तो गेला.

"शेवट मला तरी सांग," मी म्हटलं. "झाकण उघडतं कसं?"

"फुडच्या साली. आन ह्या बारीनं गप बसू नको."

चौपन्न वाती राहिल्या आहेत. त्यांच्यासाठी गोजरबाई शकूरभाईंकडून ओंजळभर बिनडागी कापूस मागून आणणार आहे, त्यांच्या वावरात थोडा तरी बरा निघाला आहे. उद्या सकाळी सात वाजता गोजरबाई टोळी घेऊन शकूरभाईंच्या वावरात वेचणीला जाणार आहे, कडूबाच्या बांधाला लागून असलेल्या ओळीपासून.