तळ्याच्या तोंडाशी लव्हाळा

केशरबाईंना हसायचं तेवढं गावानं दोन वर्षांपूर्वीच हसून घेतलं होतं. मिरजगावच्या अलीकडच्या काळ्या रानात माणूस जन्मभर लव्हाळ्याच्या गाठी उपसतो आणि शेवटी तो जातो, लव्हाळा राहतो. हा तिकडचा सर्वमान्य इतिहास आहे. अशा गावात ही बाई बचत गटाच्या बायका गोळा करून, ओढा तळ्यात उतरतो त्या तोंडाशी, लव्हाळा लावायला निघाली. उपटायला नव्हे, लावायला.

"आप्पांच्या रानात जागा संपली वाटतं," चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं. आप्पासाहेब म्हणजे केशरबाईंचे यजमान. त्यांनी ते ऐकलं, चहा संपवला आणि घरी येऊन तीच कोटी स्वतःची म्हणून बायकोला ऐकवली.

बाईंना वेड लागलं नव्हतं. तळं हिरव्या साईनं झाकलं होतं. म्हैस तोंड लावायची आणि मागं घ्यायची. तळ्याच्या मातीच्या भरावाच्या पायथ्याशी गावाची पिण्याची विहीर, तिच्या पाण्यालाही वास येऊ लागला होता. नगरच्या पाणी-संस्थेतून आलेल्या दोघांनी सांगितलं की ओढ्याच्या तोंडाशी इथलीच झाडंझुडपं लावा, मुळं घाण अडवतील. मग राजूरकडून वाळ्याची रोपं आली, पाणकणीस आलं. वाळा निम्मा जळला. मोकळ्या जागेत काय लावावं याचा विचार करताना केशरबाईंना आपल्या वैऱ्याची आठवण झाली. निगा राखल्यावर जगणारी झाडं पुष्कळ असतात. मारायची इतकी निगा राखूनही जगणारं हे एकच.

ते जगलं. दुसऱ्या हिवाळ्यात पाणी नितळून काठाजवळ तळ दिसायला लागला. गावानं हसणं थांबवलं आणि श्रेय वाटून घेतलं. पेपरात फोटो आला, त्यात खुरपं सरपंचांच्या हातात होतं.

यंदा वैशाखात तळं आटून भरावाकडच्या एका डोहापुरतं उरलं, तेव्हा गाळ काढायचं ठरलं. त्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष कानिफनाथ. समितीत तो आणि त्याचा ट्रॅक्टर असे दोघेच होते, पण काम चोख. तळ्यातला गाळ म्हणजे रानाला लोणी. ज्यानं त्यानं आपल्या ट्रॉलीनं न्यावा. सुरुवात भरावाकडून, असं बैठकीत ठरलं होतं, म्हणून केशरबाई निर्धास्त होत्या.

सकाळी त्या तळ्यावर पोचल्या तेव्हा जेसीबी ओढ्याच्या तोंडाशी उभा होता.

वाळ्याची रांग हिरवी होती, म्हणून ती तेवढी दिसत होती. तिच्या अलीकडे सगळा उघडा काळा गाळ. लव्हाळ्याची पात शेळ्यांनी खाल्ली होती, उरलेली उन्हानं नेली होती. जेसीबीचं बकेट वाळ्यापासून चार पावलांवर जमिनीत घुसत होतं.

"थांब रे! ए बाबा, थांब!"

ऑपरेटरनं मशीन थांबवलं. "मावशी, मला काय इचारता? अध्यक्षांनी सांगितलं, गाळ हितं जाड हाय, हितनं धर."

"भरावाकडनं ठरलं हुतं."

"ते रात्री ठरलं असंल. ह्ये सकाळी ठरलं."

केशरबाईंनी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बकेटनं कापलेली गाळाची भिंत समोर होती. ओल्या काळ्या मातीत काळ्या सुतांनी एकमेकींना जोडलेल्या बोराएवढ्या गाठी, वरपासून खालपर्यंत. वाळा वाचवायला धावलेली बाई वाळा विसरली.

ही एक गाठ रानात पडली की वर्षभरात तिचं गोत होतं. खुरपलं तर तुटते, आणि तुटली की दोन ठिकाणी उगवते. इथं ट्रॉलीगणिक किती जाणार होत्या, ते मोजायला देवानं वेगळं माणूस जन्माला घालायला हवं होतं. तळ्याच्या तोंडाशी लव्हाळा आहे हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. त्याच तळ्यातला गाळ रानात जाणार हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी आल्या नव्हत्या. केशरबाईंच्याही नाही.

"किती ट्रॉल्या गेल्या?" त्यांनी विचारलं.

"येकच. तुमच्यातच की. आप्पांनी नारळ फोडला. तळं तुमी राखलं, म्हणून पयली ट्रॉली मानाची तुमची. ही दुसरी, अध्यक्षांची."

दुसरी काठोकाठ भरून उभी होती. मागं ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि कानिफनाथ रांगेच्या टोकाला कुणाला तरी शिस्त लावत होता.

बनुबाई धापा टाकत आल्या. गटातल्या त्या थोरल्या. त्यांना भिंतीतल्या गाठी दाखवाव्या लागल्या नाहीत. त्यांनी एकदाच पाहिलं आणि कपाळावर पदर ओढला.

"आगं बया! आता गं?"

"सांगते कानिफला."

"काय सांगतीस? आमी लावलेलं तण तुमच्या रानात चाललंय म्हणून? उद्या गावात पानी भरू देतील का आपल्याला?" बनुबाईंनी आवाज खाली आणला. "म्हन, हितं नाग हाय. वारुळ हाय म्हन. मी पाह्यला म्हनते. मशीन हितनं हलतंय का न्हाई बघ. तुझा वाळा बी वाचंल, रानं बी वाचतील, कुनाला काय कळायचं न्हाई."

सल्ला वाईट नव्हता. तालुक्यातले पुष्कळ सरकारी रस्ते अशाच नागांनी वळवले आहेत. केशरबाई क्षणभर झुकल्यासुद्धा त्या बाजूला. पण भरलेली ट्रॉली समोर होती. नाग निघाला म्हणून मशीन हललं असतं. भरलेली ट्रॉली कानिफनाथनं रिकामी केली नसती. ती त्याच्या रानातच गेली असती.

"ट्रॉलीत न्हाई ना गं नाग," त्या म्हणाल्या आणि रांगेकडं निघाल्या.

कानिफनाथनं त्यांना येताना पाहिलं. "काकू, तुमचा वाळा सोडून खणाय सांगितलंय. उगं वाद नको."

"वाद न्हाई. तुझी ट्रॉली रानात नेऊ नको."

"का?"

केशरबाईंनी त्याच्या ट्रॉलीतलं एक ढेकूळ उचललं, त्याच्या हातावर ठेवलं. "फोड."

त्यानं फोडलं. आत गाठी होत्या. त्यानं दुसरं फोडलं. मग तिसरं. मागचे ट्रॅक्टरवाले उतरून जवळ आले, आणि ज्याच्या हाताला जे ढेकूळ लागलं ते तो फोडू लागला.

"लव्हाळा," कुणीतरी म्हणालं. आता कुणी हसत नव्हतं.

"म्हंजे आमच्या रानाचं वाटुळं तुमी ह्या तळ्यात पेरून ठिवलंय," कानिफनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "पाठीवरचा फवारणीचा पंप हाय माझ्या ट्रॅक्टरवर. तणनाशक बी हाय. हे सगळं आत्ता जाळतो. वाळा, पानकनीस, समदं. ऱ्हायला नको काय."

कुणीतरी पंप आणायला गेलंही.

केशरबाई वाळ्याच्या रांगेपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"पात हाय का वर? शेळ्यांनी खाल्ली. औषध कशावर बसंल, मातीवर? गाठीला काय हुतंय त्यानं? तू बी शेतकरी हायेस, मला नको सांगू. जळंल तो वाळा. आन वळवाचा सडाका आला की तुझं औषध डोहात, डोहातनं हिरीत. ते पानी कोन पितंय?"

"मग काय करायचं? सांगा की! लावताना अक्कल हुती तशी काढताना बी चालवा."

"हातानं काढायचं. मातीसकट, चाळून."

"कोन काढनार?"

"मी लावलंय."

एवढ्यात आप्पासाहेब मोटरसायकलवरून आले. कपाळाला नारळाच्या पूजेचा टिळा, चेहऱ्यावर मानकऱ्याचं समाधान. "पसरला बी!" त्यांनी लांबूनच सांगितलं. "काळाभोर गाळ, काय सांगू! माझ्या हातानं..." सगळ्यांच्या हातात फोडलेली ढेकळं आहेत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. बनुबाईंनी त्यांच्या हातात एक गाठ ठेवली. त्यांनी ती बोटांनी फिरवली आणि बायकोकडं पाहिलं.

"कुठल्या वावरात?" केशरबाईंनी विचारलं.

"आपल्या हिरीखालच्या."

ते त्यांचं चांगलं वावर होतं. केशरबाईंनी मान हलवली, जणू हेच ठरलं होतं. "तिथलं तुमी काढा. हितलं मी."

आप्पा गाडीवरून उतरले नाहीत. तसेच वळले आणि रानाकडं गेले. पसरलेला गाळ गोळा करता येतो की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण थांबून कळणार नव्हतं.

कानिफनाथनं आपली ट्रॉली होती तिथंच पालथी केली. ऑपरेटरला हातानं भरावाकडं जायला सांगितलं. मशीन निघालं, रांग त्याच्यामागं वळली. तोवर पंप आला होता, तो मात्र त्यानं परत जाऊ दिला नाही. आणणाऱ्याच्या पाठीवरून उतरवून वाळ्याच्या शेजारी भरलेला ठेवला.

"एक बी गाठ ऱ्हायली, तर मी काय बी ऐकायचो न्हाई, काकू."

केशरबाई खाली बसल्या. खुरपं मातीत घातलं, ढेकूळ उचकटलं, सूत न तोडता गाठ सोडवली आणि घमेल्यात टाकली. मग दुसरी. बनुबाई शिव्या देत शेजारी बसल्या; शिव्या नेमक्या कुणाला ते त्यांनी मोघम ठेवलं. गटातल्या आणखी दोघी आल्या. बाकीच्यांना घरी कामं निघाली.

ऊन चढलं. कानिफनाथ पंपाजवळ उभा राहून त्यांच्या हातांकडं पाहत होता. पुष्कळ वेळानं तो वाकला आणि केशरबाईंनी चाळून मागं टाकलेल्या मातीतून त्यानं काहीतरी उचललं.

"काकू, ही ऱ्हायली."

त्यांनी घमेलं पुढं केलं. त्यानं ती टाकली, पुन्हा वाकला, आणखी एक उचलली. तिसऱ्या वेळी वाकण्यापेक्षा बसणं बरं म्हणून तो बसला. "दुसरं खुरपं हाय का?" त्यानं रागातच विचारलं.

त्यानं ते मदत म्हणून केलं असं तो आजही मान्य करत नाही. आपण देखरेख करत होतो म्हणतो. पंप मात्र संध्याकाळी जसा आला तसा भरलेलाच घरी गेला.