काळ्या गॉगलमागची कावीळ

"पिवळं ते माझं, बाकी समदं डाक्टरचं."

बांधावर उभं राहून शिवेचा दगड दाखवावा, तशा थाटात अजिनाथ आबा हे वाक्य म्हणत. ताप, खोकला, मोडलेलं हाड, अडलेली बाळंतीण हे सगळं त्यांनी मोठ्या मनानं तालुक्याच्या दवाखान्याला देऊन टाकलं होतं. कावीळ तेवढी स्वतःकडं ठेवली होती. ती त्यांना वडिलांकडून आली होती आणि वडिलांना त्यांच्या वडिलांकडून. जमीन भावाभावांत वाटली गेली, कावीळ मात्र एकट्या आबांच्या वाट्याला आली, आणि जमिनीपेक्षा तीच जास्त पिकली.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठाला. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला पाणी. रविवारी सकाळी उसावरचं धुकं उठायच्या आत आबांच्या दारातल्या कडुलिंबाखाली माणसं येऊन बसत. दौंडाकडची, कर्जतकडची; एकदा तर राहात्याहून गाडी करून आली होती. आबा अंगठ्यानं पापणी खाली ओढत, 'हूं' म्हणत आणि घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, काड्यांची माळ डोक्यावर ठेवत. ओल्या काड्या दोऱ्याच्या गाठींत आवळलेल्या असत. काड्या वाळत, गाठी सैल पडत, दोरा मोकळा होई. डोक्यावरची माळ गळ्यात येई, गळ्यातली बेंबीपर्यंत पोचे. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली.

नुसती खुंटीला अडकवली तरी ती माळ तेवढीच लांबते, हे आबांच्या बायकोला, बनुबाईला, ठाऊक होतं. उरलेल्या माळा तीच खुंटीला अडकवायची. पण तिनं कधी तोंड उघडलं नाही. आबा पैशाला शिवत नसत, नारळ मात्र चालायचा, आणि त्या घरात वांग्यापासून आमटीपर्यंत सगळ्यात खोबरं असायचं. तसं पाहिलं तर बरीच कावीळ आपली आपण उतरते. जी उतरत नाही ती माणसाला घेऊन जाते, आणि गेलेला माणूस तक्रार सांगायला लिंबाखाली परत येत नाही. असा हा बिनतोट्याचा धंदा होता.

मग आबांना खोकला लागला. उसाच्या पाचटाच्या धुरानं लागला असं त्यांचं म्हणणं. पाचट जळून राख झालं, राख वाऱ्यानं नेली, खोकला राहिला. अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. तेव्हा अश्विनी पुढं झाली. ही आबांची पुतणसून आणि गावातली आशा सेविका. ती बोलायला लागली की कारखान्याच्या भोंग्यालाही वाट पाहावी लागे. तिनं थुंकीची डबी आबांच्या हातात दिली.

"मामा, ह्यात थुका."

"खोकला डाक्टरचा हाय, म्हून थुकतो," आबा म्हणाले. आजारपणातही त्यांनी स्वतःचा कायदा मोडला नाही.

टीबी निघाला. अश्विनी गोळ्यांची पाकिटं घेऊन आली आणि ओट्यावर मांडी घालून बसली.

"ऐका. रोज सकाळी उपाशीपोटी. तुमच्या वजनाला जेवढ्या दिल्यात तेवढ्या, एका वक्ताला. एक बी दिवस चुकवायचा न्हाई. लघवी केशरी व्हईल, भ्यायचं न्हाई, त्यो गोळीचा रंग हाय. पायाला मुंग्या आल्या, नजर अंधुक झाली, तर मला सांगायचं. दारू बंद. झाडपाला बंद. आन अन्न नको झालं, वकाऱ्या आल्या, डोळं पिवळं दिसलं, तर मातूर गोळी हातात बी धरायची न्हाई. तसंच उठायचं आन दवाखाना गाठायचा. काय सांगितलं मी?"

"पिवळ्याचं मला शिकवती व्हय गं?" आबा हसले. हसता हसता त्यांना एवढा खोकला आला की बनुबाईनं पाठ चोळली. "घीन गोळ्या. पर गावात कळता कामा न्हाई."

आयुष्यभर ज्याचं लोकांनी ऐकलं, त्याची स्वतः ऐकायची सवय मोडते. आबा 'व्हय, व्हय' करत होते, पण तेवढ्या सगळ्यातून त्यांच्या कानात एकच गोष्ट शिरली होती, ती म्हणजे गोळी चुकवायची नाही.

गोठ्यात म्हशीच्या आडोशाला आबा गोळ्या घेऊ लागले. पहिल्याच दिवशी उसाच्या कडेला बसले आणि पाहतात तर पळसाच्या फुलासारखी केशरी धार. दुसरा कुणी असता तर त्यानं अश्विनीला विचारलं असतं. आबांनी जागच्या जागी निदान केलं. कावीळ! दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. ह्या मुलखात ह्या रोगाचं आबांपेक्षा मोठं माणूस नव्हतं, आणि आबांनी आबांना विचारलं होतं.

वैद्याच्या डोक्यावर माळ दिसणं बरं नव्हे. म्हणून त्यांनी आज्याच्या काळचा कडू काढा उकळला. त्यात काय काय पडलं ते एक आबा जाणोत आणि एक ते पातेलं, जे बनुबाईनं पुढं कधी चुलीवर चढवलं नाही. काढा पोटात पोचवायला संध्याकाळी घोटभर दारू. सकाळी गोळ्या, दुपारी काढा, दिवेलागणीला दारू. धार काही पांढरी होईना. गोळी रोज पोटात जात होती, तर ती होणार कशी! मग काढा अजून घट्ट झाला. तो घट्ट झाला म्हणून घोट मोठा झाला. मधल्या काळात खोकला मात्र कमी झाला. ते काम गोळ्यांचं होतं, पण शाबासकी काढ्याला मिळाली.

उसाला तुरे आले आणि आबांचं अन्न तुटलं. फोडणीचा वास आला की ते ओट्यावरून उठून जात. उजव्या बरगडीखाली दुखे. भाकरीचा एक तुकडा मोडून ताट सरकवत. आणि एके दिवशी ते डोळ्यांवर काळा गॉगल चढवून बाहेर आले.

गोरक्षचं चहाचं हॉटेल आबांच्या घरासमोरच. त्याच्याकडं चहा पातळ आणि चेष्टा घट्ट.

"आबा, वरातीला निगाला का काय?"

"डोळं आल्यात."

"मंग घरात बी गॉगल कशापायी? काकू म्हनत हुत्या, भाकर काळी दिसती म्हून तुमी उपाशी उठता."

"तू चहात दूध घाल आदी."

"घालतो की. पर आबा, डोळं आल्यावर मानूस बोटानं चोळतोय तरी. तुमी तर हातच लावंना झाला."

आबा चहा तसाच ठेवून उठले. न्हाव्याला टक्कल पडलं तर लोक हसतात आणि त्याच्याकडूनच दाढी करून घेतात. काविळीच्या वैद्याचं तसं नाही. पिढ्यांची पुण्याई एका पापणीखाली अडकलेली असते. ती पापणी आता आतून हळदीसारखी पिवळी झाली होती, ह्या खेपेला खरोखर. आबांना ते कळलं होतं. आरसा त्यांनी उलटा करून ठेवला होता.

बनुबाईनं त्यांना गोठ्यात गाठलं.

"गॉगल काढा."

"वारं लागतंय."

"म्हशीला तेवढं काढून दावलं तुमी. मला न्हाई दावत." "आवो, अश्विनीला बोलवू का?"

"येड लागलंय? रईवार जाऊ दी. लांबची मानसं येनार हायेत. मंग बगू."

"रईवार जाईल वो. पर तुमी ऱ्हाताल का?"

आबांनी पाकिटातून गोळ्या काढल्या आणि गिळल्या. कानात शिरलेली तेवढी एकच गोष्ट ते इमानानं पाळत होते, आणि नेमकी तीच आता मोडायला हवी होती.

रविवारी लिंबाखाली माणसं बसली. आबा खाटेवर, डोळ्यांवर गॉगल, हातात ओल्या माळा. दौंडाकडचा हनुमंत नावाचा ट्रॅक्टर ड्रायव्हर पहिला नंबर धरून होता. आबांनी त्याची पापणी ओढली. काळ्या काचेतून त्यांना काय दिसणार? पिवळं काळं, पांढरं काळं, हनुमंतही काळा आणि लिंबही काळा. ते नुसते 'हूं' म्हणाले.

हनुमंतची बायको खमकी होती. "आबा, गॉगल काढून बगा की. काळ्या काचंतून पिवळं कसं वळखायचं?"

"मला बोटाला कळतंय."

"बोटाला रंग कळतो?" ती बाकीच्यांकडं वळली. "आवो, ह्यांच्या बोटाला डोळं हायेत म्हनं!"

माणसं हसली. हॉटेलच्या दारातून गोरक्ष सगळ्यांत मोठ्यानं हसला. आबा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच कुणीतरी पूजेचा नारळ फोडला आणि ओल्या खोबऱ्याचा वास आला. ते खाटेवरून वाकले आणि ओकले. पिवळं पाणी तेवढं पडलं. बनुबाई धावत आली. तोंड पुसायला तिनं पदर घेतला आणि त्याच हातानं गॉगल काढून घेतला.

उन्हात आबांचे डोळे पिकल्या लिंबोळीसारखे दिसत होते. हनुमंतनं वाकून नीट बघितलं आणि अगदी सरळ मनानं म्हणाला, "आगं, ह्यांची तर माज्यापरीस जास्त हाय."

बनुबाईनं तिथूनच अश्विनीला हाक घातली. अश्विनी पिठाच्या हातानंच आली. आबांकडं एकदा, ओकारीकडं एकदा बघितलं आणि तिचा भोंगा सुरू झाला.

"आज गोळी घेतली?"

"घेतली. तूच म्हनली, चुकवायची न्हाई."

"आन डोळं पिवळं झाल्यावं काय म्हनलं हुतं?"

आबांनी हातातली माळ खाली ठेवली.

"अजून काय घेतलं? खरं सांगा."

उत्तर बनुबाईनं दिलं. तिनं घरातून पातेलं आणून अश्विनीच्या पुढ्यात ठेवलं, आणि शेजारी बाटली.

अश्विनीनं कपाळाला हात लावला, पिठासकट. "मामा, आदीच ह्या गोळ्या लिवरला जड. त्यावर ह्यो काढा, वरनं दारू! आता एक बी गोळी न्हाई, एक बी घोट न्हाई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. रक्त तपासत्यात, लिवर किती सुजलंय बगत्यात."

"आन टीबी?" आबांच्या तोंडून एवढंच आलं. "गोळी सोडली तर त्यो उलटंल."

"आपल्या मनानं सोडली तर उलटंल. डाक्टरनं थांबिवली तर न्हाई. लिवरची सूज उतरली का तेच परत चालू करत्यात, एक एक गोळी, रक्त बगत बगत. ज्या गोळीनं त्रास हुतोय ती कळती, तिच्याजागी दुसरी देत्यात. पर हे वळखायला तुमी जित्तं पायजे."

आबांनी लिंबाखालच्या माणसांवर नजर फिरवली. सगळे त्यांच्या डोळ्यांत बघत होते, जसं इतकी वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांत बघत आले होते.

"दुपारच्याला जातो," ते हळूच म्हणाले. "ही मानसं गेल्यावं. मागच्या वाटंनं."

"मान खाली घालून मागच्या वाटंनं चोर जात्यात," बनुबाई म्हणाली. "तुमी काय चोरलंय?"

आबांनी खाटेचा सुंभ बोटानं चाचपला. मग म्हणाले, "टोपी दे."

तिनं टोपी दिली, गॉगल दिला नाही. गोरक्षचा टेम्पो रस्त्याला उभा होता. गोरक्षनं किल्ली काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही चेष्टा न करता तो पुढं गेला.

आबा उठले तशी हनुमंतची बायको आडवी आली. मघाचा खमकेपणा तिच्या आवाजात नव्हता. "आबा, मंग आमी काय करायचं? आमी लांबनं आलोय."

ह्या प्रश्नाला आबांकडं कायम उत्तर असे. आज ते चिडून म्हणाले, "मला काय इचारती बाई? मी कुटं चाललोय ते दिसंना का तुला? डोळं तर तुझं चांगलं हायेत."

आणि ते निघाले. पावलं झोकांड्या खात होती, पण बनुबाईनं धरायला हात पुढं केला तसा तो त्यांनी झटकला. भर उन्हात, गावाच्या मधल्या रस्त्यानं, हॉटेलातल्या बाकड्यांसमोरून, पिवळे डोळे उघडे टाकून आबा टेम्पोकडं चालत गेले. लिंबाखालची माणसं उठली नाहीत, पण धड बसलीही नाहीत. माना वळवून ती त्या वाकलेल्या पाठीकडं बघत राहिली. हनुमंत बघत होता, आणि त्याची बायको एकदा त्या पाठीकडं आणि एकदा हनुमंतच्या डोळ्यांकडं बघत होती.