गुलाबी तीर्थ
जांभळ्या खड्यांची जुनी बाटली परवा कपाटात सापडली आणि कुंभकोणमची आमची गल्ली आठवली. मी तेव्हा नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात होतो. शेजारच्या साक्कोट्टैपर्यंत पटकी, म्हणजे कॉलरा, आली, तेव्हा मी गल्लीच्या विहिरीत हेच जंतू मारायचं औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं. “विहीर बाटवलीस!” म्हणत बायका घागरी घेऊन कावेरीकडे निघाल्या, आणि रोग तर तिथूनच येत होता. आईनं त्याच विहिरीतून कळशीभर पाणी काढून आमच्या विठोबाला न्हाऊ घातलं आणि दारात येऊन हाक मारली, “या गे, तीर्थ घ्या!” एकेक ओंजळ पुढे आली. त्या साथीत गल्लीतलं एकही माणूस गेलं नाही. कचेरीच्या फळ्यावर माझ्या नावानं शाबासकी लागली. ती ऐकून आई म्हणाली, “विठोबाचं नाव नाही घातलं होय?” तिचंही नव्हतं, हे मला आत्ता, बाटली हातात घेतल्यावर लक्षात येतंय.