वरून पडणारं पाणी

रावसाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या लेकीनं, संघप्रियानं, बाथरूममध्ये शॉवर बसवून घेतला. ती दवाखान्यात नर्स. अण्णांना आता पाटावर बसून, वाकून पाणी घेणं जमणार नाही, उभ्यानं अंघोळ उरकेल, एवढाच तिचा विचार होता. शेजारच्या गल्लीतला प्लंबर जोतीराम येऊन शॉवर आणि गिझर जोडून गेला.

तेव्हापासून रावसाहेबांचं चित्त थाऱ्यावर राहिना. अंघोळीची वेळ झाली की काठी घेऊन बाहेर पडायचे. भवानी पेठेत चक्कर मारायचे, चहाच्या टपरीवर टेकायचे, लगेच उठायचे. घरी आले तरी खुर्चीत बसवायचं नाही. विचारलं तर अंघोळ झाली म्हणून सांगायचे. एकदा संघप्रिया ड्युटीवरून लवकर आली, तर फरशी कोरडी ठणठणीत आणि दोरीवर नुसता ओला पंचा. अण्णा अंग पुसून वेळ मारून नेत होते. ते विसरायला लागले की काय, या शंकेनं तीही धास्तावली. दवाखान्यात डॉक्टरांना विचारून आली, पण अण्णांपाशी विषय काढायचा धीर होईना.

रविवारी ती भाजीला गेली तेव्हा रावसाहेबांनी शॉवर काढून टाकायला शेजारून पाना मागून आणला. बंद करायची म्हणून शॉवरची चावी फिरवली, ती उलटीच फिरली, आणि शॉवरची दांडी पिळताच सांध्यातून पाण्याची चिळकांडी थेट कपाळावर आली.

संघप्रिया परतली तेव्हा पाणी बाहेरच्या खोलीत आलं होतं. अण्णा उंबऱ्यात चिंब भिजून बसलेले, हातात पाना. तिनं आधी गिझरचं बटण बंद केलं, मग गच्चीवर धावत जाऊन टाकीचा व्हॉल्व आवळला. खाली येऊन ती चिडलीच. पाय घसरला असता तर काय केलं असतं, काढायचा होता तर सांगायचं तरी, असं बरंच बोलली.

रावसाहेब खाली बघत म्हणाले, "तू हौसेनं लावलंस. कसं सांगू?"

मग हळूहळू सांगितलं. तरुणपणी ते टॉवेल रंगवायच्या कारखान्यात होते. एका सकाळी डोक्यावरून गेलेल्या उकळत्या पाण्याच्या पाइपाचा सांधा सुटला. खाली त्यांच्यासोबत काम करणारा प्रभु उभा होता. रावसाहेब सूत आणायला नुकतेच बाजूला झाले होते.

"आदी नुसता सूं आवाज आला. मग वरनं पाणी. हे चालू केलं की तसाच आवाज येतो, प्रिया."

प्रभु वाचला नव्हता. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. संघप्रियानं जोतीरामला फोन लावला.

जोतीरामनं गिझरची वायर बोर्डातून काढली आणि खालचा नळ सोडून पाइपातलं उरलेलं पाणी वाहू दिलं. रावसाहेबांना आतही थांबवेना, बाहेरही. व्हॉल्व नीट बंद हाय का, म्हणून त्यांनी लेकीला पुन्हा गच्चीवर पाठवलं. भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा तुकडा, फिरला तर पाइप फुटेल, तो कुणीतरी धरायला हवा, असं जोतीराम म्हणाला. तेव्हा रावसाहेबच पुढं झाले. त्यांनी एका पान्यानं एल्बो दाबून धरला, जोतीरामनं दुसऱ्यानं दांडी फिरवली. थोडं तांबूस पाणी गळालं आणि शॉवर निघून हातात आला. एल्बोच्या तोंडाला टेपचे वेढे घेतलेला प्लग बसला. व्हॉल्व सावकाश उघडून चावी फिरवली, तेव्हा तिघंही प्लगकडे बघत राहिले. थेंबही आला नाही. रावसाहेबांनी तरी बोट फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संघप्रियानं उंच स्टूल आणलं आणि बादली विटांवर ठेवली. रावसाहेब तांब्यानं खांद्यावर पाणी घेऊ लागले, डोक्यावर मात्र घेईनात. म्हणून तिनं पेशंटचं धुते तसं ओंजळीनं थोडं थोडं पाणी लावत त्यांचं डोकं धुतलं. "झालं का?" त्यांनी मधेच विचारलं, मग पुन्हा विचारलं. पाय सारखे हलत होते, पण ते उठले नाहीत.