माझं नाव मीच सांगणार

देवाशी माझं भांडण होतं आणि ते मी त्याच्यापासून कधी लपवलं नाही. लहानपणापासून मी अडखळत बोलते. शब्द ठाऊक असतो, तोंडापर्यंत आलेला असतो, आणि नेमका तिथेच घसा बंद होतो. कधी पहिलं अक्षरच पुन्हा पुन्हा निघत राहतं. सांगलीला आमच्या घरी गणपतीचं दैवत. ज्याला सगळे वाणीचा देव म्हणतात त्याच्याच घरात हे माझ्या वाट्याला यावं, याचा मला फार राग होता. वेखंड उगाळून जिभेवर लावून झालं, नवस बोलून झाले. नात्यातल्या एका वैद्यांनी जिभेखालची शीर कापायला सांगितली होती, ते वडिलांनी ऐकलं नाही म्हणून वाचले. आरतीत मात्र मी कधीच अडखळत नसे. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला की शब्द आपोआप पुढे जायचे. त्यावरून काका म्हणायचे, आरती खणखणीत म्हणते, मग बोलतानाच काय होतं? नाटकं आहेत सगळी. तोच प्रश्न मी देवाला विचारत राहायची.

इंजिनिअरिंग झाल्यावर मी चेन्नईतली नोकरी घेतली. दोन हजार सालानंतरचा तो काळ, सॉफ्टवेअर कंपन्या भराभर माणसं घेत होत्या. पुणं सोडून इतक्या लांब का, असं सगळ्यांनी विचारलं. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. जिथली भाषा येत नाही तिथे गप्प राहण्याबद्दल कुणी जाब विचारत नाही, एवढंच माझ्या मनात होतं. आणि सुरुवातीला तसंच झालं. भाजीवाल्यापासून बस कंडक्टरपर्यंत सगळ्यांना वाटायचं, हिला तमिळ येत नाही. मी बोट दाखवायची, हसायची, काम भागायचं. ऑफिसात माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. ते संगणकासमोर बसून करायचं असल्याने तिथेही निभावत होतं.

पहिल्याच वर्षी वाढदिवसाला माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण वसंती मला आमच्या गल्लीच्या टोकाच्या पिळ्ळैयारच्या देवळात घेऊन गेली. पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपतीच. तिकडे देवळात आपल्या नावाने अर्चना करतात. नारळ, केळी, फुलं असं ताट द्यायचं, मग पुजारी नाव, गोत्र आणि नक्षत्र विचारतात आणि देवासमोर ते मोठ्याने उच्चारतात. माझी पाळी आली. पुजाऱ्यांनी ताट घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझं नाव 'क'ने सुरू होतं. तो 'क' घशात असा रुतला की श्वासही हलेना. मागे रांग खोळंबली. कुणीतरी पुटपुटलं. वसंतीने प्रेमाने माझ्या दंडाला हात लावला आणि माझं नाव तीच सांगून मोकळी झाली.

अर्चना झाली. प्रसाद घेऊन वसंती बाहेर चपला शोधायला गेली आणि मी देवळामागच्या पारावर जाऊन बसले. तिथे नागाच्या दगडी मूर्ती होत्या, माणूस कुणी दिसत नव्हतं. मी मराठीत, मोठ्याने, गणपतीला बोलून घेतलं. तुझ्यासमोर उभं राहूनसुद्धा माझं नाव दुसऱ्याने सांगायचं असेल, तर मी तुझ्याकडे यायचं कशाला? माझी कीव करू नकोस आणि माझी परीक्षाही घेऊ नकोस. यापुढे मी तुझ्याकडे काही मागणार नाही. बरंच काही बोलले. उठून वळले तर मागे एक साठीच्या बाई उभ्या होत्या, नऊवारी नाही आणि सहावारीही नाही अशा जुन्या पद्धतीने नेसलेल्या, केसांत मोगरा. मला वाटलं, यांना मराठी कुठलं कळणार. त्या म्हणाल्या, "रांगेत मी तुझ्या मागेच होते. येथलेही सगळे ऐकिले. भांडतांना तुझी जीभ कोठेच अडकली नाही की."

मराठी होतं, पण जुन्या पोथीतलं वाटावं असं, आणि त्याला तमिळ हेल. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. त्यांचं नाव पद्मा, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. अड्यारला त्यांचं स्पीच थेरपीचं केंद्र होतं. त्यांचा थोरला भाऊ माझ्यासारखाच बोलायचा. त्याने हळूहळू बोलणंच सोडून दिलं, म्हणून त्या या कामात पडल्या. एवढ्या मोठ्या शहरात, त्या रांगेत, नेमक्या माझ्या मागे, मराठी समजणाऱ्या आणि हेच काम करणाऱ्या बाई उभ्या असाव्यात, याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही. आजही वाद घालत नाही. जे झालं ते सांगते आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी अड्यारला गेले ती तणतणतच. पहिल्याच भेटीत म्हटलं, मला बरं करून द्या, बाकी काही नको. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की अडखळणं हा भित्रेपणा नव्हे, आईबापांची चूक नव्हे आणि नाटक तर नव्हेच. बोलताना मेंदूला श्वास, कंठ, जीभ, ओठ या सगळ्यांचा ताळमेळ क्षणाक्षणाला जमवावा लागतो. काहींच्या बाबतीत तो ताळमेळ मधेच हुकतो. बऱ्याचदा ते घराण्यात असतं. एकट्याने बोलताना किंवा सगळ्यांबरोबर गाताना तो बहुतेक वेळा हुकत नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं आणि मी रडले. मग त्या म्हणाल्या, "हे मूळचे थोडे आहे. त्यावर तू जे रचिलेस ते डोंगराएवढे आहे." म्हणजे शब्द बदलणं, फोन टाळणं, हसून वेळ मारून नेणं, चेन्नईला पळून येणं. मी न सांगताही त्यांना ते कळलं होतं.

उपचार मला वाटले होते तसे मुळीच नव्हते. श्वास सोडत शब्द हलकेच सुरू करायचा, ओठ आणि जीभ दाबून न धरता नुसती टेकवायची, शब्द अडकला तर त्याला धक्का न मारता तिथेच थांबून घसा सैल करायचा आणि मग पुढे सरकायचं, हे शिकायला मी तयार होते. पण एक दिवस अक्का म्हणाल्या की आता बाजारात जाऊन मुद्दाम अडखळून बोल. मी चिडले. ज्याची आयुष्यभर लाज वाटली ते स्वतःहून चारचौघांत करायचं? दोन आठवडे मी त्यांच्याकडे फिरकले नाही. मग माझं मलाच हसू आलं. देवाशी एवढं भांडणारी मी एका फुलवालीला घाबरत होते.

अण्णा नगरच्या एका दुकानात मी पहिल्यांदा मुद्दाम अडखळले. दुकानदाराने घाईने माझं वाक्य पुरं करायला घेतलं. अक्कांनी पाठ करून घेतलेलं तमिळ वाक्य मी त्याला ऐकवलं, "कोंजम इरुंगा, नाने सोल्रेन." जरा थांबा, माझं मीच सांगते. तो चकित झाला आणि थांबला. जग थांबू शकतं, त्याला तसं सांगावं लागतं, हे मला त्या दुकानात कळलं. मग मला जोरच चढला. बसमध्ये, तांबरमच्या तिकीट खिडकीवर, बँकेत, जिथे म्हणून गप्प बसत होते तिथे तिथे मी अडखळत बोलत सुटले. कुणी हसलं तर त्याच्याकडे बघत वाक्य पुरं करायची.

खरी वेळ आली ती ऑफिसात. आम्ही परदेशातल्या रुग्णालयांसाठी औषधांच्या मात्रा छापणारं सॉफ्टवेअर करत होतो. त्यात मला एक चूक सापडली. लहान मुलांचं वजन एका विशिष्ट पद्धतीने भरलं की दशांशचिन्ह गळून जायचं आणि अर्ध्याच्या जागी पाच छापलं जायचं. आमचे मॅनेजर श्रीनिवासन मनाने वाईट नव्हते. माझ्या वतीने बोलणं हा ते माझ्यावरचा उपकार समजत. मी चूक सांगू लागले तेव्हा "समजलं, समजलं, छपाईची गडबड," म्हणून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर पाठवायचं होतं. संध्याकाळच्या कॉन्फरन्स कॉलवर त्यांनी पलीकडच्यांना सांगितलं की छपाईत किरकोळ दोष आहे, पुढच्या खेपेला दुरुस्त करू.

मी म्हटलं, थांबा. तो शब्द म्हणताना मी अडखळले की नाही, आठवत नाही. पलीकडून एका वयस्कर माणसाचा आवाज आला, कोण बोलतंय? नाव विचारलं होतं. 'क' घशात रुतला. खोलीतल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. श्रीनिवासन माझं नाव सांगायला पुढे झुकले, तेव्हा मी हाताने त्यांना थांबवलं. मी पूर्ण ताकदीने तो शब्द ढकलत होते आणि जितकी ढकलत होते तितका तो घट्ट होत होता. मुलांच्या जिवाचा प्रश्न होता आणि माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता. त्या क्षणी मनात गणपतीला म्हटलं, मागणार नाही म्हणाले होते, तरी मागते. माझी वाणी सुधारू नकोस. मी अडकलेली असताना नुसता इथे थांब.

आणि मी ढकलायचं सोडलं. हे नेमकं कसं झालं ते मला सांगता येणार नाही. खांद्यांवरचं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं वाटलं. घसा सैल झाला, आणि पलीकडून तोच आवाज म्हणाला, तुम्ही सावकाश सांगा, मी लिहून घेतो आहे. मी माझं नाव सांगितलं, तीनदा अडखळून. मग चूक सांगितली. 'डेसिमल' शब्दाशी खूप वेळ झगडले, पण तो बदलला नाही. माझं सांगून झाल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, कोणता स्क्रीन? सॉफ्टवेअर पाठवणं तिथेच थांबलं.

दोन-तीन दिवसांनी श्रीनिवासन दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "एवढं गंभीर होतं, तर मला आधी सांगायचं होतंस."

"सांगत होते, सर," मी म्हटलं, तेही अडखळतच. "तुम्ही माझं वाक्य पुरं केलंत."

ते म्हणाले, "यापुढे नाही करणार." त्यांनी ते पाळलं.

त्या रविवारी मी आईला फोन केला. आमचे फोन नेहमी आटोपशीर व्हायचे. मी दोन शब्द बोलले की उरलेलं आईच बोलायची, मला त्रास होऊ नये म्हणून. त्या दिवशी तिला म्हटलं, आई, आज मधे बोलू नकोस, मला कितीही वेळ लागू दे. मग मी सगळं सांगितलं, अक्का, बाजार, तो कॉल. बरंच अडखळले. एकदोनदा तिचा श्वास ऐकू आला, शब्द ओठांशी आल्यासारखा, पण तिने आवरला. माझं संपल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तुझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं गं. आणखी काही सांग."

मी आजही अडखळते. माझी वाणी मोकळी झाली अशी गोष्ट सांगायला मी हे लिहिलेलं नाही. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून जे मिळेल ते सोसणं, असं मला वाटायचं, आणि म्हणून मला तो शब्दच आवडत नसे. आता वाटतं की मी देवापुढे टाकलं ते फक्त माझं लपणं. बाकीची मी ताठच आहे, आणि भांडणही पूर्ण मिटलेलं नाही. पण त्या संध्याकाळी मी थांब म्हटलं आणि तो थांबला. त्याबद्दल त्याचे आभार मी रोज मोठ्याने मानते. ते म्हणायला मला जितका वेळ लागायचा तितका लागतो.