श्रावणी सोमवारची गोळी

उद्या पहिला श्रावणी सोमवार, आणि भाऊजी गोळ्या घेतील की नाही, हा घोर दाक्षायणीच्या मनातून सकाळपासून जात नव्हता. भाऊजी म्हणजे मैंदर्गीचे रुद्रप्पा, तिचे थोरले दीर. गोळ्या दिलेल्या तिच्याच लेकीने, तिथल्या दवाखान्यात वर्षापूर्वी लागलेल्या डॉक्टर महानंदाने.

रुद्रप्पांना ब्लडप्रेशर जुनं. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी तीन औषधं एकत्र असलेली गोळी दिली होती. प्रेशर उतरलं, पण माणूसही विझला. अडतीवर हमालांची फिरकी घेणारे रुद्रप्पा भिंतीकडे बघत बसू लागले. घरचे म्हणाले, वय झालं. महानंदाने ते मानलं नाही. तिघांतलं एक औषध मनाला मरगळ आणतं, हे तिला ठाऊक होतं. मोठ्या डॉक्टरांना भेटून, विचारून तिने ती गोळी हळूहळू बंद केली आणि दुसरी जोडी लावली : एक लघवीवाटे पाणी काढणारी, एक हृदयाचा वेग आवरणारी.

"एका गोळीत भागत होतं की," रुद्रप्पा कुरकुरले. "डॉक्टर होऊन पसारा वाढवलीस."

"वाढू दे की दोड्डप्पा," महानंदा थोरल्या काकांना म्हणाली. "प्रेशर तेवढंच राहील आणि तुम्ही परत भांडायला लागाल."

तसंच झालं. महिन्याभराने निंगप्पा हमाल दवाखान्यात येऊन सांगून गेला, "मालकांनी काल मला शिव्या घातल्या, डॉक्टरबाई. लई बरं वाटलं." हे दाक्षायणीने शहरात, आपल्या भवानी पेठेत, ज्याला त्याला सांगितलं.

अडचण निघाली ती उपासाची. श्रावणात सोमवारी रुद्रप्पा दिवसभर पाणीही घेत नसत. जुनी गोळी अंगात रेंगाळायची, एखादा दिवस चुकली तरी निभायचं. नवी मध्येच सोडली तर प्रेशर उसळायचं, छातीवर यायचं. महानंदाने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ लिंगपूजेनंतर तीर्थ घेता ना? त्याच्याबरोबर घ्या. तीर्थाने कुठं उपास मोडतो?"

रुद्रप्पा म्हणाले, "बघू."

आज रविवार म्हणून सकाळी घरी आलेल्या महानंदाने हे आईला हसत सांगितलं आणि ती संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेली. दाक्षायणीला हसू आलं नाही. त्या घरात नांदलेली ती. भाऊजींचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला पक्कं माहीत होतं. पोरीने औषध शोधलं, वाटही काढली. पण त्यांच्या लेखी ती अजून मांडीवर खेळलेली पोरच.

धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी थेट बोलायची त्या घरात रीत नव्हती. काही सांगायचं तर जाऊबाई सावित्रम्मांच्या तोंडून. दाक्षायणी बी.ए. झाली, तरी तिने ती रीत कधी मोडली नव्हती.

तिने पदर सारखा केला आणि शेजारच्या सुताच्या दुकानात फोन होता, तिथं गेली. मैंदर्गीला अर्जंट ट्रंककॉल लावायचा. जाऊबाईंना नाही, खुद्द भाऊजींना बोलवायचं. पहिलं वाक्य तिने तिथंच उभ्या उभ्या ठरवलं : मी डॉक्टर महानंदाची आई बोलतेय.