एक विहीर आणि दुसरा बॉयलर

नव्या बॉयलरच्या वाफेवर मशीन फिरलं, मांडवात टाळ्या पडल्या, आणि त्याच वेळी विहिरीवर बायकांच्या घागरी चिखल घेऊन वर आल्या.

निजामाच्या अमलातलं परतूर. तिथल्या जिनिंग फॅक्टरीत मी इंजिनियर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. ते वाफेवर चाले, आणि वाफेचं पाणी एका विहिरीतून येई. विहीर शेजारच्या आळीचीही होती. सकाळी बायका पाणी भरत, मग आमचा पंप लागे, असा रिवाज.

फॅक्टरीचे मालक शेठजी. त्यांनी विहीर पाहिली दिवाळीत, तुडुंब भरलेली. त्या भरवशावर दुसरा बॉयलर मागवला. तो बसेपर्यंत माघ उजाडला. मुहूर्त सकाळचा, म्हणून पंप पहाटेच लागला. तहसीलदारसाहेब आले. बॉयलरला झेंडूचा हार घातला. तो करपू लागला, तरी भाषण चालूच होतं.

आळीतल्या पारूबाई रिकामी घागर घेऊन थेट मांडवात शिरल्या. "शेठ, समदं पाणी तुमच्या यंत्रानं पिलं. आता लेकरांना वाफ पाजू का?"

शेठजी माझ्याकडे वळले. "पंप छोटा पडून राह्यला का? बडा मागवा. खर्चा मी बघतो."

"पंप पाणी ओढतो, शेठजी. तयार करत नाही."

"मंग विहीर खोल करा."

"मागे सुरुंग लावला होता ना? खडक फुटला, झरा लागला नाही."

बॉयलरला एक काचेची नळी असते. आतलं पाणी किती, ते तिच्यात दिसतं. पाणी संपलं आणि आग चालू राहिली, तर बॉयलर फुटतो. मी नळीकडे बोट केलं. "पाणी उतरतंय. आग काढावी लागेल."

"साहेबांसमोर?"

"काढली तर साहेब राहतील."

शेठजींनी पारूबाईंच्या घागरीकडे पाहिलं. शेठजींची आईही याच विहिरीचं पाणी भरत असे.

"दोन्ही बॉयलरची आग काढा. पंप बंद. आधी बायकांचं भरू द्या." मग साहेबांना म्हणाले, "मुहूर्त इतकाच होता, साहब."

पारूबाई जाता जाता म्हणाल्या, "दम धर शेठ, झरा पाझरू दे. मंग घे तुझ्या यंत्राला."

तो सीझन एकाच बॉयलरवर काढला, तोही दुपारनंतर. अंगणात कापसाचे ढीग पडून राहिले. नवा बॉयलर पाहुण्यांना दाखवायच्या कामी आला.

पुढे कुठेही मशिनरी बसवायची झाली की मी आधी उन्हाळ्यात तिथली विहीर पाहून येई. मालक वैतागत. मशीन लवकर आलं नाही तर नुकसान होतं, म्हणत. होतं खरं. पाणी आलं नाही तर मात्र मशीनच नुकसान होऊन बसतं.